सळई गंजणार नाही, पण चाकाचं काय?

‘पोलादाच्या दुप्पट ताकद, वजन चौथाई, आणि गंज म्हणाल तर जन्मात नाही.’ फायबरच्या सळया विकायला येणारी मंडळी हे वाक्य पाठच करून येतात. त्यात खोटं काही नाही. तरी ते ऐकलं की मी पुढचा प्रश्न तयार ठेवते : बारा एमएमच्या पोलादी सळईच्या जागी तुम्ही कितीची द्याल? उत्तर ठरलेलं असतं. ‘मॅडम, आठची पुरे.’

इथेच गणित फसतं. फायबरची सळई म्हणजे काचेचे बारीक तंतू व्हिनाइल इस्टर रेझिनमध्ये भिजवून, साच्यातून ओढून, तापवून कडक केलेली कांडी. ताणून तोडायला घेतली तर ती पोलादापेक्षा उशिरा तुटते, हे कबूल. पण पुलाचा स्लॅब काही सळई तुटेपर्यंत ताणायचा नसतो. भेग रुंदावू नये, स्लॅब फार लवू नये, यासाठी सळईच्या अंगात ताठपणा लागतो. पोलादाचा ताठपणा 200 गिगापास्कल, हिचा 45 ते 60च्या घरात. त्यात आठ एमएम सळईचं छेदक्षेत्र बाराच्या निम्म्याहूनही कमी. दोन्ही गुणून पाहा, बाराच्या पोलादाने भेगेला जेवढा अटकाव केला असता त्याच्या नवव्या हिश्शाएवढाच ही आठची सळई करते. बंगल्याच्या कंपाउंडच्या भिंतीत हे खपून जाईल. ज्या खाडीपुलावरून रात्रभर चिऱ्याचे ट्रक आणि वाळूचे डम्पर जातात, त्याच्या डेकमध्ये, म्हणजे गाड्या पेलणाऱ्या स्लॅबमध्ये, नाही.

मी या सळयांच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पुलांची तपासणी हा माझा व्यवसाय आहे आणि खाडीवरच्या डेकमध्ये पोलाद घालणं आता थांबवावं, या मताची मी आहे. माझी तक्रार एवढीच की या सळयांची सगळी चर्चा गंजाभोवती फिरते. डेक मरतो तो दोन कारणांनी. एक खारा वारा, दुसरं चाक. दुसऱ्याचं नाव कुणी काढत नाही.

ओहोटीला होडीतून पुलाखाली जायचं आणि डेकच्या पोटावर हातोडीने ठोकत पुढे सरकायचं, असं हे काम. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं. आतून सुटलेलं भद्द वाजतं. खाडीच्या बाजूला गर्डरच्या कडेने तांबूस ओघळ दिसतात, कव्हरचे, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराचे, पोपडे सुटलेले असतात, आतली सळई पापुद्रे धरून बसलेली असते. हा गंज. तो नवशिक्यालाही दिसतो, फोटोत छान येतो आणि पेपरात छापून येतो. पण दोन गर्डरांच्या मधोमध, जिथे अवजड गाड्यांच्या चाकांची वाट आहे, तिथे अनेकदा वेगळंच दिसतं : हातरुमालाएवढ्या चौकोनांची जाळी. उभ्या-आडव्या भेगा, आणि त्या भेगांतून पाझरून वाळलेली पांढरी खार. सळई अजून शाबूत असते. ओघळ नसतो. तरी तो भाग तांबूस भागाइतकाच आजारी आहे. हा थकवा.

थकवा म्हणजे काय ते कुठल्याही साइटवर फिटर रोज दाखवतो. बांधणीची तार तोडायला पक्कड हाताशी नसेल तर तो ती दोन बोटांत धरून मागेपुढे वाकवतो, आणि एरवी जोर लावून न तुटणारी तार हातात येते. डेकचं तसंच होतं, फक्त वर्षानुवर्षं लागतात आणि आधी तार नव्हे, काँक्रीट तुटतं.

हा आजार जपानी लोकांनी नीट ओळखला. तिथले रस्ते 1960-70च्या दशकांत अवजड ट्रकांनी भरून गेले आणि पातळ डेकमधून काँक्रीटचे तुकडे खाली पडू लागले. हिशेबात तर ते डेक सुरक्षित होते. प्रयोगशाळेत एकाच जागी लाखो वेळा दाब देऊनही ते तसे फुटत नव्हते. ओसाका विद्यापीठाच्या शिगेयुकी मात्सुई यांनी जागच्या जागी दाब देणं सोडून खरं चाक स्लॅबवर पुढेमागे फिरवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे पुलावरचं चित्र प्रयोगशाळेत उमटलं. आधी एका दिशेच्या भेगा, मग दुसऱ्या दिशेच्या, मग त्यांची जाळी. मग भेगा आरपार जातात. चाक अलीकडे असताना भेगेची एक कड खाली दबते, पलीकडे गेलं की दुसरी. दोन्ही कडा एकमेकींवर घासत राहतात. काँक्रीटचं पीठ होतं. सलग असलेला स्लॅब हळूहळू शेजारी शेजारी ठेवलेल्या पट्ट्यांसारखा वागू लागतो, आणि एके दिवशी चाकाखालचा तुकडा गर्डरांच्या मधून खाली निसटतो.

त्यातच मात्सुईंनी स्लॅबवर पाणी ठेवून चाक फिरवलं. आयुष्य थोडंथोडकं नाही, कित्येक पटींनी घटलं. चाकाच्या दाबाने पाणी भेगेत शिरतं, घासून झालेलं पीठ धुऊन नेतं, पुन्हा घासायला जागा करून देतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डेकवरचे पाण्याचे पाइप प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी आणि पाचोळ्याने तुंबलेले असतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपण प्रत्येक पुलावर मात्सुईंचाच ओला प्रयोग करत असतो, फक्त नोंदी ठेवत नाही.

आता वजनाचं बोलू. त्याच जपानी प्रयोगांतून एक समीकरण निघालं. चाकाचा भार वाढला की नुकसान किती वाढतं ते सांगणारा त्यातला घातांक आहे 12.76. रस्त्याच्या डांबरी थरांसाठी इंजिनिअर ‘चौथा घात’ म्हणतात, म्हणजे भार दुप्पट तर नुकसान सोळापट. डेकच्या स्लॅबला हा घात जवळजवळ तेरावा. चाकाचा भार दहा टक्क्यांनी वाढला तर नुकसान सव्वातीनपटीच्या पुढे, वीस टक्क्यांनी वाढला तर दहापट. आमच्या बाजूला रॉयल्टीच्या पावतीवर एक आकडा असतो आणि हौद्यात त्याहून एक ब्रास जास्त. एक ब्रास वाळू म्हणजे साडेचार टनांच्या आसपास. तिचा बहुतेक भार मागच्या जोड-एक्सलवर गेला तर कायद्याने चालणारे 21 टन 25 होतात, आणि ती एक फेरी डेकला नऊ फेऱ्यांइतकी लागते. ड्रायव्हरला दोष द्यायचा तर सरकारलाही द्यावा लागेल. जुलै 2018मध्ये केंद्राने चार टायरच्या एकेरी एक्सलची कायदेशीर मर्यादाच 10.2 टनांवरून 11.5 टन केली. वरचं समीकरण जसंच्या तसं लावलं तर त्या एका सहीने डेकचं नुकसान साडेचारपट झालं. आधीच बांधून झालेल्या पुलांची जाडी काही त्या दिवशी वाढली नाही.

अर्थात तो घातांक पोलादी सळयांच्या जपानी डेकचा. फायबरच्या सळयांच्या, आपल्या जाडीच्या, आपल्या काँक्रीटच्या डेकचा किती? माझा सगळा लेख या प्रश्नासाठी आहे.

बाहेरच्या देशांत या सळयांचा अनुभव तीस वर्षांच्या घरात गेला आहे, आणि तो चांगला आहे. अमेरिकेत अशा सळयांचा डेक असलेला पहिला वाहतुकीचा पूल 1996मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅकिनलीव्हिल इथे झाला. कॅनडात 1997मध्ये शेरब्रुकच्या जॉफ्रे पुलाच्या डेकमध्ये कार्बन तंतूंची जाळी घातली गेली. त्या भागात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे पोलाद कुजण्याचं दुखणं त्यांनाही आपल्याइतकंच. कॅनडातल्या पाच बांधकामांतून पाच ते आठ वर्षांनी कोर, म्हणजे सळईसकट काँक्रीटचे कापलेले नमुने, काढून पाहिले, पुढे अमेरिकेतल्या अकरा पुलांतून पंधरा-वीस वर्षांनी. काँक्रीटच्या अल्कलीने काच खाल्ली जाईल ही मोठी भीती होती. तसं झालेलं फारसं आढळलं नाही.

थकव्याचं म्हणाल तर शेरब्रुक विद्यापीठात पूर्ण आकाराचे डेक स्लॅब दोन गर्डरांवर ठेवून, चाकाच्या ठशाएवढ्या पट्टीवर दाब देत फुटेपर्यंत तपासले. फायबरच्या सळयांचे स्लॅब पोलादी स्लॅबांपेक्षा जास्त टिकले. कारण ऐकायला उलटं वाटेल. ज्या मऊपणाला मी वर नावं ठेवली तोच इथे कामाला येतो. फायबरच्या सळईचा ताठपणा काँक्रीटच्या जवळ आहे, त्यामुळे प्रत्येक दाबाला दोघं जवळपास सारखं ताणतात आणि सळईभोवतीचं काँक्रीट कमी दुखावतं. शिवाय सळईवर ताण येतोच थोडा. गर्डरांमधला स्लॅब चाकाचा भार वाकून पेलत नाही, त्याच्या जाडीत एक अदृश्य कमान तयार होते आणि ती गर्डरांना बाजूंना रेटते. म्हणून तर नोव्हा स्कोशियात 1995मध्ये सॅमन नदीवर असा डेक झाला की त्यात आत एकही सळई नाही. गर्डरांना खालून पोलादी पट्ट्यांनी बांधून ठेवलंय, बस. पूल उभा राहिला, भारही पेलला. पण अशा डेकमध्ये गर्डरांच्या मधोमध लांबच लांब भेगा पडू लागल्या, तेव्हा पुढच्या पिढीच्या डेकमध्ये भेग आवरायला फायबरच्या सळयांची जाळी परत आणावी लागली. मला या सगळ्या कहाणीत हेच सर्वांत बोलकं वाटतं. स्लॅब पडू नये म्हणून नव्हे, भेग उघडू नये म्हणून सळई. आणि भेग उघडू द्यायची नसेल तर आठ एमएमचा धंदा बंद झाला पाहिजे.

संहिता इथे थोड्या सैल आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. पोलादी सळईसाठी आपण भेग 0.3 मिलिमीटरच्या आत ठेवतो, कारण पाणी आत गेलं तर सळई गंजेल. फायबरची गंजत नाही, म्हणून परदेशी मार्गदर्शिकांनी तिच्यासाठी 0.5 पर्यंत, आतल्या कोरड्या भागात 0.7 पर्यंत भेग चालवून घेतली. गंजापुरतं ते बरोबर आहे. पण घासून पीठ होण्याचं काय? अर्ध्या मिलिमीटरच्या भेगेत पाणी आणि चाक मिळून जे करतील त्याला सळई कशाची आहे याच्याशी देणंघेणं नाही. कॅनडातले कोर थंड प्रदेशातले आहेत हेही विसरू नये. काचेवर अल्कलीचा हल्ला उष्णतेत आणि ओलाव्यात वाढतो, आणि आमच्या खाडीवर काँक्रीट बाराही महिने कोमट आणि दमट असतं. आपल्याशी जुळणारा अनुभव शोधायचा तर फ्लोरिडाकडे पाहावं लागेल. होमोसासाच्या हॉल्स रिव्हर पुलात तिथल्या राज्य सरकारने डेकसकट ठिकठिकाणी पोलादाऐवजी काचतंतू वापरलेत, पण तो पूल अजून लहान आहे.

फ्लोरिडाचं नाव निघालं म्हणून सांगते. गंजावरचा रामबाण उपाय म्हणून याआधी एपॉक्सीचा लेप दिलेल्या हिरव्या सळया आल्या होत्या. 1970च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडा कीजच्या पुलांत त्या वापरल्या आणि दहा वर्षांच्या आत तिथले खांब गंजून फुटू लागले. लेप कारखान्यात उत्तम होता. साइटवर ओढताना, वाकवताना, खारट पाण्याजवळ पडून राहताना तो खरवडला गेला. प्रयोगशाळेतली सळई आणि फिटरच्या हातातली सळई यांत एवढं अंतर असतं.

फायबरची सळई पहिल्यांदा साइटवर आली की ते अंतर लगेच दिसतं. आमच्या एका कामावर लातूरकडचे एक मुरलेले फिटरमामा होते. त्यांनी सवयीने सळई पिनांत अडकवली, चावीने रेटली, सोडली, आणि ती सरळ होऊन त्यांच्याच पोटरीवर बसली. ‘मॅडम, ही ऐकत नाही,’ मामा म्हणाले. ती ऐकणारच नाही. पोलाद वाकलं की वाकलेलं राहतं, हिला तो गुणच नाही. ज्या आकारात हवी त्या आकारात ती कारखान्यातूनच वाकवून आणायची, आणि वाकात तिची ताकद बरीच कमी धरायची. डेकच्या कडेला कठड्याचे बार बसवताना हे फार जपावं लागतं. कापायची ती डायमंड ब्लेडने, कटरने चेचून नाही, नाहीतर टोकाला तंतू पिंजतात. हातमोजे नसतील तर संध्याकाळी तळहातात काचेची कुसळं. उन्हात ठेवायची नाही, ताडपत्री घालायची. आणि सगळ्यात गंमत काँक्रीट ओतताना. ही सळई ओल्या काँक्रीटहून हलकी आहे, त्यामुळे व्हायब्रेटर लावला की जाळी वर तरंगू लागते. ती खाली शटरिंगला बांधून ठेवली नाही तर तळाच्या जाळीचं कव्हर दुप्पट होतं आणि भेग आवरायला सळई जिथे हवी तिथे नसते. वरून मात्र स्लॅब गुळगुळीत दिसतो. पुढे वीस वर्षं कुणाला कळणार नाही.

एक फायदा मात्र कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो. या सळईला भंगारात भाव नाही, त्यामुळे ती रात्रीतून साइटवरून गायब होत नाही.

कागदाची बाजू आता तयार आहे, नाही असं नाही. भारतीय मानक ब्युरोने 2023मध्ये या सळयांसाठी आयएस 18256 हे मानक काढलं. सळई चांगली की वाईट हे त्यावरून ठरवता येतं. डेक चांगला की वाईट हे ठरत नाही, आणि निविदा निघतात त्या डेकच्या. रेवस-रेड्डी सागरी मार्गावर खाड्यांवरचे पूल एकामागून एक होणार आहेत. त्यात फायबरच्या सळया याव्यात म्हणून दबाव येईल, तसा न याव्यात म्हणूनही येईल. दोन्ही बाजूंचे लोक गंजाचेच फोटो दाखवतील.

मला निविदेत दुसरंच काही पाहायचं आहे. पोलादी सळईच्या बदल्यात फायबरची देताना ताकदीने नव्हे, ताठपणाने आणि भेगेच्या रुंदीने हिशेब करून दाखवावा, आणि ती भेग पोलादाच्याच मर्यादेत ठेवावी, हे पहिलं. त्यासाठी सळया जास्त लागतील, दर वाढेल. वाढू दे. डेक दोनदा बांधण्यापेक्षा स्वस्त पडेल. आपल्या खात्यांची पोलादाची मोजणी टनावर चालते, ही सळई मीटरवर विकली जाते, तेवढा बदल दरसूचीत करायला कुणाची हरकत नसावी. सळईवर कायम राहणारा आणि वारंवार येणारा ताण तिच्या ताकदीच्या ठरावीक हिश्शाच्या वर जाऊ नये, हे बंधनही हवंच. अमेरिकेच्या जुन्या मार्गदर्शिकेत तो हिस्सा 20 टक्के होता, नव्या संहितेत 30 झाला. आपण आपली आकडेवारी येईपर्यंत 20वर थांबावं.

आणि आकडेवारी यायची तर चाक फिरवावं लागेल. चेन्नईच्या सीएसआयआर-एसईआरसी या बांधकाम-संशोधन संस्थेत थकव्याच्या चाचण्यांची प्रयोगशाळा आहे. रस्त्याच्या थरांवर चाक फिरवून पाहण्याचं यंत्र दिल्लीच्या सीआरआरआय या रस्ते-संशोधन संस्थेकडे आहे. पुलाच्या डेकवर, वर पाणी ठेवून, आपल्या डम्परच्या भाराने चाक फिरवणं हे काही अंतराळात यान सोडण्याइतकं अवघड काम नाही. एका मोठ्या खाडीपुलाच्या खर्चात असं यंत्र केव्हाच बसतं.

तोवर एखादा लहान खाडीपूल निवडावा, जिथे रोज वाळू आणि चिरा जातो असा. शेजारचे दोन गाळे सारखे घ्यावेत, एकात फायबर, एकात पोलाद. कॅनडात काही पुलांवर एका भागात काचतंतू आणि दुसऱ्यात पोलाद असं मुद्दाम केलं, त्याच धर्तीवर. दोन्हींत ताण मोजणारे गेज बसवावेत, पुलाच्या तोंडाशी एक्सलचं वजन टिपणारा काटा बसवावा, आणि दर पावसाळ्यानंतर दोन्ही गाळ्यांच्या पोटावरच्या भेगा मोजून नकाशासकट लोकांसमोर ठेवाव्यात. काट्याचे आकडेसुद्धा. डम्परमालकांना ते आवडणार नाहीत, आणि पावत्या फाडणाऱ्यांनाही नाही. पण ते छापले नाहीत तर दहा वर्षांनी डेकवर जाळी दिसेल तेव्हा सळईवाला म्हणेल चाक जड होतं, वाहतूकदार म्हणेल सळई प्लॅस्टिकची होती, आणि दोघांनाही खोटं पाडायला आपल्याकडे कागदाचा कपटाही नसेल.